सासूबाईंचा तिसरा चेंडू

माझ्या सासूबाईंनी मला तीन चेंडूंत आऊट केलं. वय वर्षं त्र्याहत्तर, अंगावर सुती साडी, वरून माझंच जुनं जॅकेट!

झालं असं, की अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या एका स्पोर्ट्स क्लबने फिनलंडचा एक जुना बॅट-बॉलचा खेळ पुन्हा सुरू केला. त्यात बॉल टाकणारा लांबून धावत येत नाही. तो बॅट्समनच्या समोर हातभर अंतरावर उभा राहतो आणि बॉल सरळ आकाशात उडवतो. खाली येताना आपण मारायचा. नाहीच मारला, तर तो जमिनीवरच्या गोल प्लेटवर पडला पाहिजे; पडला, की आपला एक चेंडू फुकट.

"एवढंच?" मी म्हणालो. (कोच आयनो बाकीचे नियम सांगत होते तेव्हा मी त्यांना नागपूरच्या माझ्या कॉलेज क्रिकेटबद्दल सांगत होतो.)

माझी लेक सई टीममध्ये होतीच. रविवारच्या मॅचसाठी एक जागा उरली होती. कोचनी ट्रायल ठेवली: सई तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या शेवटच्या थांब्यावर, मी बॅटिंगला. तीन चेंडूंत बॉल मारून तिला 'घरी', म्हणजे प्लेटपर्यंत पळवत आणलं, की जागा माझी. बाप-लेक एका टीममध्ये! मी भारतातल्या चार ग्रुप्सवर कळवूनही टाकलं.

"बाबा, जस्ट टॅप इट. प्लीज!" सई तिकडून ओरडली.

ऐन वेळी कोचचा खांदा धरला. बॉल कोण टाकणार? बाजूला फोल्डिंग खुर्चीत सासूबाई एक संत्रं वर उडवत आणि झेलत बसल्या होत्या. संत्रं दोरी बांधल्यासारखं सरळ वर जात होतं, सरळ खाली येत होतं. कोच बघतच राहिले.

"आस्क ग्रँडमा," ते हळूच म्हणाले.

"अहो, हे तर सागरगोटेच की!" सासूबाई पदर खोचत उठल्या. "जावईबापू, या."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. फुकटची जागा!

पहिला चेंडू. मी पाय पुढे, कोपर वर, असा देखणा डिफेन्स केला की बास! बॉल समोरून आलाच नाही. तो वरून आला आणि माझ्या बॅटीमागे प्लेटवर टपकला.

"समोर काय बघताय? मी वर टाकलाय," सासूबाई म्हणाल्या.

दुसरा. मी असा हाणला, की बॉल मैदानावरून, झाडांवरून पार तळ्यात! सिक्स! मी दोन्ही हात वर केले, कडेला उभ्या बायकोला बॅट दाखवली. कोचनी टोपी काढली.

"साठ वर्षांत इतका लांब गेलेला पाहिला नव्हता," ते भारावून म्हणाले. "फाऊल."

"फाऊल?"

"मैदानातच पडायला हवा. पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"बाबा!!" सईने डोकं धरलं.

तिसरा. आता फक्त टॅप. सासूबाई हातभरावरून गोड हसल्या. "कंबर सांभाळा हं." आणि बॉल उडवला.

काय सांगू! तो वर गेला तो गेलाच. बोराएवढा झाला. ना डुगडुग, ना गिरकी. ढगाला टेकून क्षणभर थांबल्यासारखा वाटला. त्र्याहत्तर वर्षांच्या मनगटात हे कुठे लपलं होतं? मी तोंड उघडं टाकून बघत होतो. मग तो त्याच वाटेने परत आला आणि प्लेटच्या बरोबर मध्यावर, ठप्प!

बॅट माझ्या खांद्यावरच होती.

"यू जस्ट वॉच्ड इट?" सई किंचाळली.

"अगं, तू पाहिलास ना तो?"

तिने एकदा ढगाकडे, एकदा प्लेटकडे पाहिलं. मग धावत घरी आलीच... आणि तडक आजीच्या गळ्यात पडली.

रविवारची जागा अर्थातच सासूबाईंना मिळाली. त्यांचं परतीचं तिकीट आम्ही पुढे ढकललं. मलाही जागा मिळाली, त्यांच्या फोल्डिंग खुर्चीत. तिथे बसून मी टीमसाठी संत्री सोलतो. एखादं उडवूनही बघतो. अजून एकही झेलता आलेलं नाही.