कूलरसमोरचा पाहुणा

अकोल्याच्या जठारपेठेत कमलाकांत सरांना ओळखत नाही असा माणूस विरळा. कारण बहुतेकांना त्यांनी कधी ना कधी नापास केलेलं आहे. चौतीस वर्षं त्यांनी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. भाजीवालीला ते मेथी का कोमेजते ते सांगतात, दूधवाल्याला दूध का उतू जातं ते. घरात खरंच दूध उतू जातं तेव्हा ते गॅसजवळच उभे असतात, आणि गॅस बंद करायला बायकोला हाक मारतात.

बायको म्हणजे सिंधूताई, माहेर बार्शीटाकळीचं. बी.ए. अर्धवट असताना लग्न झालं, पुस्तकं माळ्यावर गेली. मुलगी श्रावणी नोकरीला लागली तशी त्यांनी ती पुस्तकं खाली काढली. पन्नाशी उलटल्यावर बी.ए. पूर्ण केलं आणि मुक्त विद्यापीठातून एम.ए.ला नाव घातलं. सरांनी विरोध केला नाही. पाहुण्यांसमोर फक्त म्हणायचे, "आमच्या घरी सध्या एक विद्यार्थिनी आहे. पास होईल असं काही वाटत नाही." पाहुणे हसायचे. सिंधूताई चहा आणायच्या.

एम.ए.चं सगळं उरकलं होतं, प्रकल्प तेवढा राहिला होता. माहेराकडच्या शेतीच्या अवजारांची जुनी नावं त्यांनी दीड वर्ष जमवली. भाऊ जानराव खळ्यावर बसून सांगायचा, ह्या वहीत लिहून घ्यायच्या. एकशे बारा नावं झाली. वीस मेच्या संध्याकाळी पाचच्या आत ते सगळं टाईप करून विद्यापीठाला पाठवायचं होतं. नाही गेलं तर वर्ष वाया.

त्यासाठीच नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. गल्लीच्या तोंडाशी सागरचं दुकान होतं. कॉम्प्युटर जोडून देणं, दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा.

"ज्याला मी नववीत नापास केलं, त्याच्याकडून कॉम्प्युटर घेऊ?" सर म्हणाले.

हा नियम लावला तर अकोल्यात खरेदीला जागाच उरत नव्हती. म्हणून सर अमरावतीला गेले आणि कॉम्प्युटर जोडून घेऊन एस.टी.नं परत आले. अख्ख्या रस्त्यात खोकं मांडीवर. स्वतःच्या लेकीला एवढा वेळ मांडीवर घेतल्याचं सिंधूताईंना काही आठवेना.

सिंधूताईंनी कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकवाचं बोट लावलं, वर मोगऱ्याचं एक फूल ठेवलं, हात जोडले.

"यंत्राला श्रद्धा कळत नाही, सिंधू," सर म्हणाले. "तपासणी कळते."

आणि त्यांनी स्क्रू काढून डब्याची बाजू उघडली. आत एक ॲल्युमिनियमचा जाळीदार ठोकळा होता, डोक्यावर छोटा पंखा. "हा हीटसिंक. खालच्या चिपची उष्णता हा ओढून घेतो. वहन!" सरांनी वर्ग घेतला. ठोकळ्याला चार पाय होते आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर एक बाण कोरला होता.

"बाण कशासाठी देतात? कोणत्या दिशेनं आवळायचं ते कळावं म्हणून." सरांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चारही डोकी बाणाच्या दिशेनं कचकचून फिरवली. "अमरावतीवाल्यानं ढिलंच ठेवलं होतं. बघितलंस?"

सिंधूताईंनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्या टायपिंगला बसल्या. बारा मिनिटांत कॉम्प्युटर बंद. थांबून चालू केला, पुन्हा बारा मिनिटं. दोन बोटांनी टाईप करणाऱ्या बाईचं बारा मिनिटांत एक अवजार होतं, नाव आणि माहिती धरून. तेही जपून ठेवायच्या आत गेलं.

सर खुर्ची ओढून बसले. डोळे मिटून विचार केला. निदान झालं.

"कुंकू! आत गेलं असणार. तरी मी सांगत होतो."

"अहो, मी कुंकू बाहेरून लावलं होतं."

"कण सूक्ष्म असतात, सिंधू."

सिंधूताईंनी डबा पुसला. मोगऱ्याचं फूल देवापुढे नेऊन ठेवलं, मनात म्हणाल्या, देवा, तुझ्यावरही आळ आला रे. कॉम्प्युटर मात्र बारा मिनिटांचा नेम मोडेना.

मग सरांनी दुसरं निदान केलं, ऊन. आता मे महिन्यात अकोल्यात कोणत्याही दुखण्यावर औषध एकच. ताप आला, न्या कूलरसमोर. सासू-सुनेचं वाजलं, दोघींना बसवा कूलरसमोर. सरांनी कॉम्प्युटरची बाजू उघडी ठेवून वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर त्याच्याकडे वळवला. बारा मिनिटांची चाळीस झाली. सरांनी श्रावणीला अमरावतीला फोन लावून हा शोध कळवला.

घरात आता जावई आल्यासारखं झालं. गारवा पाहुण्याला, घाम घरच्यांना. सिंधूताई एका बाजूला पदरानं मान पुसत टाईप करायच्या. उघड्या पोटात ओली हवा शिरून सगळं दमट व्हायला लागलं होतं. सतरा तारखेला त्यांनी बटण बंद करून आत बोट घातलं, ठोकळ्याला जरासा धक्का दिला. तो दुधाच्या दातासारखा हलला.

"अहो, हे हालून राहिलं."

"हलायलाच पाहिजे. हवा खेळायला नको?"

एकोणीस तारखेला चाळीसची परत पंधरा मिनिटं झाली. तीस अवजारं टाईप व्हायची होती. दुपारी सर वामकुक्षीला आडवे झाले, घोरायला लागले, तशा सिंधूताई चप्पल घालून गल्लीच्या तोंडाशी गेल्या. असं त्यांनी संसारात पहिल्यांदाच केलं.

सागर आला. डब्यात डोकावून म्हणाला, "काकू, याचा एक पाय तं वरतीच आला. बाकी तीन नुसते टेकून आहेत. ठोकळा चिपले चिकटलाच नाही. मधात हवा शिरली. गरमी निघंन कुठून?"

एवढ्यात सर जागे झाले. दारात उभे राहिले. "हा काय करतोय इथे?"

"नमस्कार, सर." सागर उठून उभा राहिला. सवय जात नाही. "नवा आहे नं हा? मंग दोन गोष्टी असू शकतात. बोर्ड असाच दोषी आला असंन, तं मी हात लावत नाई. वॉरंटी जाईन. अमरावतीले परत पाठवा, आठ-दहा दिवसांत बदलून येईन. नाई तं मंग हे पाय कोनी फिरवले असतीन. तसं असंन तं दोष कायचाच नाही, पंधरा मिनिटांत बसवून देतो. कोनी फिरवले का?"

सरांनी सिंधूताईंकडे पाहिलं. वर्गात प्रयोग फसला की ते शिपायाकडे असंच पाहायचे.

"दोषच असेल," सर म्हणाले. "कंपन्या आजकाल काहीही पाठवतात. परत पाठवू."

आठ-दहा दिवस. उद्या पाच वाजता मुदत. सिंधूताईंच्या डोळ्यांपुढे जानरावाचं खळं आलं. त्यानं एकेक नाव आठवून आठवून सांगितलं होतं. परगावच्या कंपनीवर खोटा आळ घालायचा, आणि तोही आपलंच वर्ष बुडवून?

"दोष नाही, बाबू," त्या म्हणाल्या. "यांनीच फिरवले. चारही. बाणाच्या दिशेनं. मी इथंच होते."

सरांचं तोंड उघडंच राहिलं. बत्तीस वर्षांत या बाईनं माजी विद्यार्थ्यासमोर त्यांची चूक काढली नव्हती.

सागरनं हसू दाबलं. फार दाबलं नाही. "सर, तो बाण सोडवाच्या दिशेचा असते. आवळाचा नाई." मग ठोकळा अलगद उचलला, दोन्हीकडची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसली, डाळीच्या दाण्याएवढी नवी लावली. डोकी उलटी फिरवून जागेवर आणली आणि समोरासमोरचे दोन-दोन पाय दाबले. टक, टक. टक, टक. "हेच तुमी शिकवलं होतं, सर. दोन वस्तू चिकटून पाह्यजेत, तवाच उष्णता जाते. मी पेपरात लिवलं होतं. आकृती पेनानं काढली म्हनून तुमी पाच मार्क कापले. तीन मार्कांनी गेलो मी."

सरांनी घसा खाकरला. "मी ते पाय हेतुपुरस्सर सैल केले होते. उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतो. जागा नको?"

"हो नं, सर," सागर म्हणाला. "प्लास्टिकचे पाय आहेत ते."

त्यानं पैसे घेतले नाहीत. सिंधूताईंनी देवापुढचा पेढा हातावर ठेवला, तो घेतला.

कॉम्प्युटर त्या दिवशी चार तास सलग चालला, कूलरशिवाय. दुसऱ्या दिवशी साडेतीनला एकशे बारावं अवजार टाईप झालं. चारला प्रकल्प गेला, विद्यापीठाची पोचही आली. सिंधूताईंनी डब्याला नव्यानं कुंकू लावलं. सर पेपर वाचत होते. पेपर जरा जास्तच वर धरला होता.

मग सिंधूताईंनी डब्याची बाजू लावली, स्क्रू बसवले आणि तो जड कूलर ढकलत ढकलत सरांच्या खुर्चीसमोर नेला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "त्याची गरमी निघाली. आता तुमी बसा."