काँगोसाठी शिवलेली दुपटी
डांबरगोळ्यांचा वास आला की मला जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्ग गावातला, जुन्या लोकरी कपड्यांनी भरलेला चर्चचा हॉल आठवतो. साठच्या दशकाची सुरुवात होती. काँगोत लढाई चालू होती आणि तिथल्या एका प्रसूतिगृहासाठी नि शाळेसाठी गावातल्या बायका कपडे, पाट्या गोळा करत होत्या. मला सातवा महिना होता. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून मी यांच्याबरोबर द्यायला गेले. टेबलामागच्या वयस्कर जर्मन बाईंनी माझी साडी पाहिली, पोट पाहिलं आणि ढिगातून एक छोटा स्वेटर काढून माझ्या हातात दिला. "घे मुली, लाजू नकोस," त्या मायेनं म्हणाल्या. "अहो, सांगा ना त्यांना, आपण द्यायला आलोय," मी मराठीत कुजबुजले. जर्मनमधून प्रबंध लिहिणारे हे, कान लाल होऊन नुसतं "डांके", म्हणजे धन्यवाद, म्हणाले. मी दुपटी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि मान खाली घालून बाहेर पडले. मुलगी ऐन थंडीत झाली. स्वेटर खरंच उबदार होता, तिला रोज घातला. पण आज अल्बम चाळताना तो कुठल्याच फोटोत दिसत नाही. यांनी कॅमेरा काढला की मी तो आधी उतरवत असे.