देवगाव फाट्यावरचं बंद केलेलं खातं

आमच्या मालकांनी आधी टीव्हीच्या केबलचा धंदा केला आणि मग त्याच खांबांवरून इंटरनेट न्यायला सुरुवात केली. ऑफिस परभणीत, आणि तार पाथरी, पिंगळी, सेलू अशी जमेल तिथवर गेलेली. मी तिथं सर्व्हर सांभाळते. नेट गेलं की ज्या बाईच्या नावानं लोक खडे फोडतात, ती मी.

सुरुवातीच्या काळात मालकांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला आमच्या नावाचा एक ई-मेल पत्ता दिला होता. पुढं बहुतेकांनी मोठ्या कंपन्यांचे फुकटचे पत्ते घेतले. पण एक रक्त तपासणारी लॅब, दोन शाळा आणि काही दुकानदार आमच्याच पत्त्याला धरून राहिले. पाटीवर, पावतीबुकावर तोच छापलेला, मग बदलायचा कशाला? या सगळ्यांची पत्रं घेणारा आणि पुढं पाठवणारा सर्व्हर ऑफिसच्या मागच्या खोलीत होता. तो ज्यानं बसवला तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला, आणि त्यानं लिहिलेल्या सेटिंगच्या फायली मला वाचता येत होत्या, समजत नव्हत्या. एक दिवस त्या मशीनची डिस्क कुरकुर करायला लागली.

मालक म्हणाले, "नवीन बसवा मॅडम. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं ते तुमीच ठरवा. मला गिऱ्हाइकाचा फोन यायला नको, एवढंच."

एवढंच! लिनक्सवर मेल चालवणारी सॉफ्टवेअरं पाच-सहा तरी आहेत आणि प्रत्येकाचे भक्त वेगळे. मी वाचत सुटले. सकाळी एक पक्कं करायची, दुपारी कोणीतरी त्याच्याविरुद्ध लिहिलेलं सापडायचं, संध्याकाळी दुसरंच बरं वाटायचं. जुनंच नव्या मशीनवर चढवावं? का सगळं एकत्र बांधून मिळतं तसलं तयार गाठोडं घ्यावं? ते सोपं, पण आत काही बिघडलं तर उघडून बघायचं कुठून? भाकरी थापताना मी मनात याद्या करायची. नवरा म्हणाला, "अगं, तवा धूर करायलाय. तू हायस कुठं?"

शेवटी मी पोस्टफिक्स नावाचं सॉफ्टवेअर निवडलं. कारण साधं होतं. त्याची सेटिंगची फाइल वाचली की काय चाललंय ते मला कळत होतं. उद्या मीही नोकरी सोडली तर माझ्यामागून येणाऱ्याला ते कळावं, असं मला वाटत होतं. पत्रांची प्रत सर्व्हरवरच राहील, पाठवलेल्यांचीसुद्धा, अशीही सोय केली. आठवडाभर चाचण्या घेतल्या आणि एका रविवारी सकाळी जुनं मशीन बंद केलं.

सोमवारी लॅबवाल्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांचं जुनं स्कॅनर रिपोर्ट थेट मेलनं पाठवायचं, आणि त्याला पासवर्ड देणं जमत नव्हतं. जुन्या सर्व्हरला ते चालायचं, माझ्या नव्याला चालेना. पेशंट खोळंबलेत म्हणून डॉक्टर तापलेले. मी घाईनं जुन्या फायलीतली एक ओळ उचलून नव्यात टाकली. ओळीचा अर्थ असा की, आपल्या जाळ्यावरून येणाऱ्या कोणालाही पासवर्ड विचारू नको. खरं तर एकट्या त्या स्कॅनरला सूट द्यायला हवी होती. मी सगळ्या जिल्ह्याला दिली. एक-दोन दिवसांत नीट करू, असं मनाशी म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी बाहेर जाणाऱ्या पत्रांची रांग बघितली. एरवी तिथं दहा-वीस पत्रं असतात. त्या दिवशी आकडा हजारांत होता आणि डोळ्यांदेखत वाढत होता. एक उघडून बघितलं तर पुरुषांच्या औषधांची गलिच्छ जाहिरात, खाली तसलाच फोटो. आमच्या सर्व्हरवरून ती जगभर चालली होती. पत्रं कुठल्या कनेक्शनवरून येताहेत त्याचा आकडी पत्ता काढला आणि तो आत्ता कोणाकडे आहे ते यादीत बघितलं. देवगाव फाट्यावरचं, विहिरीवरच्या मोटारी आणि स्प्रे पंपांचं दुकान. दुकानदार सत्तरीचे. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, बोलणं मोजकं. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, मीही.

मी फोन लावला.

"अप्पा, तुमच्या खात्यावरून घाणेरडे मेल चाललेत."

"घाणेरडे म्हंजी?"

मी काय ते सांगितलं. घाईत, स्पष्ट आणि मोठ्या आवाजात. अप्पांच्या हाताला ग्रीस होतं म्हणून फोन स्पीकरवर होता आणि दुकानात चार माणसं उभी होती, हे मला नंतर कळलं. पलीकडं कोणीतरी फिसकन हसलं ते मात्र ऐकू आलं.

"मी तसलं काई केलं न्हाई, ताई," अप्पा म्हणाले.

"तुमचा पासवर्ड चोरीला गेला असंल. मी खातं बंद करायले. कंप्युटर पूर्ण पुसून घ्या."

त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

रांग साफ केली, पण उशीर झाला होता. मोठ्या मेल कंपन्यांनी आमच्या सर्व्हरचं नाव काळ्या यादीत टाकलं. शाळांची पत्रं परत येऊ लागली, लॅबचे रिपोर्ट अडकले. मालकांच्या टेबलावरचा फोन वाजायचा थांबेना. यादीतून नाव काढायचं तर एक फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात विचारतात, हे कसं घडलं आणि तुम्ही काय दुरुस्त केलं?

मी लिहायला घेतलं, 'एका गिऱ्हाइकाचा पासवर्ड चोरीला गेला.' पुरावा म्हणून अप्पांच्या खात्यात कोण कधी शिरलं त्या नोंदी शोधल्या. त्या सकाळी कोणीच शिरलं नव्हतं. मग पत्रं गेली कशी? पुन्हा शोधलं. ती पासवर्ड न देताच आली होती. माझ्या त्या एका ओळीतून.

खुर्चीवरून उठले, माठातलं पाणी प्यायले, परत बसले. मग जे आधी करायला हवं होतं ते आत्ता केलं. तो आकडी पत्ता आत्ता कोणाकडे आहे हे न बघता, पत्रं सुटायला लागली तेव्हा कोणाकडे होता ते बघितलं. त्या सकाळी साडेदहाला देवगाव फाट्याची आणि पाथरीची, दोन्हीकडची लाइट गेली होती. लाइट गेली की राउटर बंद पडतात आणि परत चालू होताना पत्ते बदलून घेतात. साडेदहापर्यंत तो पत्ता पाथरीतल्या एका ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या केंद्राकडे होता. व्हायरस तिथल्या कंप्युटरमध्ये होता, आणि लाइट गेल्यापासून तो कंप्युटर बंदच होता. हजारो पत्रं आधीच रांगेत शिरली होती, मी बघत होते तो आकडा त्यांतल्या न पोचता परत येणाऱ्या पत्रांनी वाढत होता. अप्पांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

ती ओळ काढली, स्कॅनरला वेगळी सूट दिली, केंद्राचं मशीन साफ करून घेतलं आणि फॉर्म खरा भरला. तिसऱ्या दिवशी पत्रं जायला लागली.

मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चालू झालं ना? मग कामून उकरायचं? अप्पाचं खातं गुपचूप खोलून द्या. त्येला काय मालूम पडायलंय."

मी बरं म्हणाले. पण बरं वाटेना. त्या आठवड्यात मी किती वेळा रांग बघितली असेल! देवदर्शनाला गेले तरी मोबाइल हातात. आकडा दहा, आकडा बारा, सगळं ठीक. मग परत परत बघतेय कशाला? फाट्याकडं जाणारा आमचा लाइनमन सहज बोलून गेला, "अप्पाला लोक चिडवायलेत. त्यांच्या कंप्युटरवर कायबी चालतं म्हणून. अप्पा गुमान बसतेत."

शनिवारी सुट्टी घेतली. एसटीनं सेलू, तिथून जीपनं फाटा. रस्ताभर वाक्यं जुळवत होते, पण एकही धड जुळलं नाही.

अप्पा गल्ल्यामागं बसले होते. कंप्युटरवर टॉवेल झाकलेला. मला बघून उठले, स्टूल पुढं केलं.

"अप्पा, चूक माझी होती," मी म्हणाले. "तुमच्या दुकानातून काहीच गेलं नव्हतं. दार मी उघडं ठेवलं आणि नाव तुमचं घेतलं."

त्यांनी टॉवेलखालच्या कंप्युटरकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमी सांगितलं म्हून कंप्युटर पुसून घेतला. कोणाला कोणती मोटार दिली, वारंटी कवापर्यंत, समदं त्यात होतं. आता मोटार जळाली म्हून माणूस येतो, आन् मी त्याच्या तोंडाकडं बघतो."

हे मला माहीत नव्हतं.

"ते जाऊ द्या," अप्पा म्हणाले. "तुमी बोलल्या तवा चार माणसं ऐकत होती. आज मी एकटाच ऐकायलोय."

त्यांना काय हवं ते कळलं. समोर चहाचं हॉटेल होतं, बाकड्यांवर सात-आठ जण बसलेले. मी रस्ता ओलांडला. "मी परभणीच्या नेटच्या ऑफिसातून आले," असं म्हणून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. सर्व्हर, पत्ता, लाइट जाणं. कोणाला फारसं समजल्यासारखं दिसेना. एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवून विचारलं, "म्हंजी वासरू एकाचं पिकात घुसलं आन् तुमी दावं दुसऱ्याच्या गळ्यात घातलं?"

"हो. आणि फाटकही मीच उघडं टाकलं होतं."

"आसं सरळ सांगा की मग," तो म्हणाला. दोघं-तिघं अप्पांच्या दुकानाकडं बघायला लागले. एकानं मान खाली घातली. फोनवर हसला होता तो तोच असावा.

परत आले तेव्हा अप्पांनी टॉवेल काढून ठेवला होता. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. एक गोष्ट मला जीपमध्ये सुचली नव्हती, ती तिथं स्टुलावर सुचली. मी विचारलं, "वारंटीचे कागद तुम्ही कंपनीला कसे पाठवायचा?"

"मेलनंच की. फोटो काढून."

खातं मी अजून खोललं नव्हतं, पण पुसलंही नव्हतं. मी ते उघडलं. पाठवलेल्या पत्रांत कागद होते, नवा सर्व्हर बसवल्यापासूनचे सगळे, गिऱ्हाइकाच्या नावासकट. त्याआधीचे जुन्या मशीनबरोबर गेले होते, ते शोधूनही मिळाले नाहीत. कंपनीकडून आलेल्या उत्तरांत आणखी काही सापडले. दोन तास बसून एकेक उतरवून दिला. अप्पा चष्मा लावून प्रत्येक नाव वाचत होते. "हा रवळगावचा. ह्याची मोटार परवाच जळाली," म्हणाले आणि लगेच त्याला फोन लावला.

"आता नवा पासवर्ड टाका अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी की-बोर्ड पुढं ओढला, बोट उचललं आणि थांबले.

"ताई, तुमी तिकडं बघा."

मी रस्त्याकडं तोंड केलं. मागं एकेक कळ वाजत होती, मधेच थांबत, परत वाजत. मंठ्याकडून एक जीप येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हर सेलू, सेलू म्हणून ओरडायला लागला. अप्पांचं अजून झालं नव्हतं. मी ती जीप जाऊ दिली.