लोणीसाहेबांना मिळालेला एक

आमच्या वहिनींशी वाद घालू नये हे मी फार लवकर शिकलो. दादाला अजून शिकायचं आहे. दादा दातांचा डॉक्टर. दिवसभर माणसं त्याच्यासमोर आ वासून बसतात, उलट उत्तर द्यायची कुणाची सोय नसते, आणि घरी आल्यावरही त्याची तीच अपेक्षा असते. वहिनी काही सांगत असल्या आणि टीव्हीवर सामना रंगात आलेला असला, की तो त्यांच्याकडे न बघताच पंजा वर करतो. म्हणजे थांब. वहिनी थांबतात, सामना संपू देतात आणि मग शांतपणे निकाल लावतात, "संवाद, एक."

पाचपैकी एक म्हणजे नापास. आई पूर्वी हसायची, पण एकदा तिलाही "ऐकून घेणे, दोन" मिळाले तेव्हा दिवसभर गाल फुगवून बसली होती.

ही सवय त्यांच्या कामातून आलेली. वहिनी वैमानिकांना शिकवतात, आणि मी त्याच इमारतीत सिम्युलेटरची देखभाल करतो. सिम्युलेटर म्हणजे उंच पायांवर उभा असलेला खोलीएवढा पांढरा डबा. बाहेरून बघावं तर डबा आपला डुलतोय, आत मात्र हुबेहूब कॉकपिट असतं आणि चांगल्या चांगल्यांना घाम फुटलेला असतो. वैमानिक कितीही जुना झाला तरी ठरावीक काळाने त्याला या डब्यात येऊन परीक्षा द्यावीच लागते.

पूर्वी ही परीक्षा सरळ होती. इंजिन बंद पाडायचं, आडवा वारा सोडायचा, विमान धडपणे उतरलं की पास. आता तसं चालत नाही. आता हात कसा चालतो याबरोबर माणूस बोलतो कसा, ऐकतो का, शेजारच्याला बरोबर घेतो का, वेळेवर निर्णय घेतो का, हे सगळं वेगवेगळं पाहतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण देतात. शिवाय नुसता आकडा फेकून मोकळं होता येत नाही. काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते सांगावं लागतं. 'मला वाटलं' या शब्दांना वहिनींच्या वर्गात सक्त मनाई आहे.

आणि शिकवणारे सुटले असं समजू नका. त्यांचीही परीक्षा असते. सगळ्यांना एका खोलीत बसवून एकाच सत्राचं चित्रीकरण दाखवतात आणि प्रत्येकाकडून गुण मागतात. दुकानातल्या तराजूंसारखं आहे हे. एकच वजन टाकलं तर सगळ्यांचे काटे एकाच जागी यायला हवेत. पहिल्या दिवशी गुण, दुसऱ्या दिवशी चर्चा, आणि चर्चेनंतर पुन्हा गुण. दुसऱ्या फेरीनंतरही ज्याचा काटा बाकीच्यांपासून लांब राहील त्याने स्वतः नव्याने शिकायचं, आणि तोवर कुणालाही शिकवायचं नाही. नियम कडक आहे, आणि तो केला होता आमच्या प्रशिक्षण प्रमुखांनी.

हे प्रमुख म्हणजे फार मोठे कॅप्टन. विमान इतकं अलगद टेकवायचे, की चाकं जमिनीला लागली हे मागे बसलेल्याला कळायचंही नाही. म्हणून पाठीमागे त्यांना सगळे लोणीसाहेब म्हणत. तोंडावर अर्थातच सर.

त्या वर्षी चित्रीकरण लावायचं काम माझ्याकडे होतं. माणसं पाठमोरी, नावं झाकलेली. पण पहिल्या मिनिटातच खोलीतल्या सगळ्यांनी ओळखलं की डावीकडे बसलेले कॅप्टन खुद्द लोणीसाहेब आहेत. काही वर्षांपूर्वीचं त्यांचंच सत्र होतं. एक इंजिन बंद, वारा आडवा, विमान रनवेकडे उतरतंय आणि वेग फार जास्त आहे. उजवीकडचा को-पायलट म्हणाला, "सर, वेग जास्त आहे." साहेबांनी पंजा वर केला. तो परत म्हणाला, "सर, अजून जास्तच आहे. परत वर जाऊ या का?" परत पंजा. मग तो नुसतं "सर..." म्हणाला आणि पुढचं गिळून टाकलं. आणि साहेबांनी विमान असं टेकवलं, की बघता बघता माझ्या तोंडून वा निघालं.

खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गुण पडद्यावर आले. संवाद : चार, चार, पाच, चार, चार. साहेबांचे स्वतःचे स्वतःला चार, म्हणजे विनयही झाला. आणि शेवटी वहिनी. एक.

मीच काही चुकीचं लावलं की काय म्हणून परत तपासलं. एकच होता.

आता वहिनींचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. वहिनी स्वतः कॅप्टन होत्या. एका वैद्यकीय तपासणीत हृदयाच्या ठोक्यात दोष निघाला आणि त्यांचं उडणं कायमचं बंद झालं. घरात सगळे रडलो, त्या नाही रडल्या. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, सिम्युलेटर चालू करा." डावीकडच्या खुर्चीत बसून त्यांनी एकटीने विमान उडवलं, उतरवलं, सगळी बटणं जागच्या जागी केली. मग उठल्या आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या. ती शिक्षकाची खुर्ची. जमिनीवरच्या कॉकपिटात बसायला हृदयाचा दाखला लागत नाही. जगातलं तेवढंच कॉकपिट आता त्यांचं होतं, आणि दरवर्षी त्यासाठीच्या कागदावर सही लोणीसाहेबांची लागत असे.

साहेबांनी त्यांना कॉफीच्या यंत्राजवळ गाठलं. मी कप हातात घेऊन मुद्दाम तिथेच रेंगाळलो.

"मॅडम, चुकून बोट पडलं का?"

"नाही सर."

"विमान सुखरूप उतरलं. तुम्ही पाहिलंत."

"उतरलं. उडवण्याला मी पाच दिलेत. संवादाला एक."

"सगळी खोली एकीकडे आणि तुम्ही एकीकडे. उद्याही असंच राहिलं तर सही करता येणार नाही मला. नियम आहे."

"माहीत आहे, सर," वहिनी म्हणाल्या आणि कॉफीत साखर ढवळत राहिल्या.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलाशी रणधुमाळी झाली. आई म्हणाली, "अगं, एक आकडाच तर आहे. एकाचा दोन कर. तुझं काय जातंय?"

"दोन म्हणजे जेमतेम पास, आई. तो पास नाही."

दादा म्हणाला, "बॉसला नापास करून कुणाचं भलं झालंय? सही नाही केली तर काय करशील?"

"तर घरी बसेन आणि रोज तुला गुण देईन."

मी हसलो, दादा हसला नाही. "हट्टाला पण काही मर्यादा असते," तो म्हणाला. वहिनींनी ताट बाजूला सारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला आजही तो जसाच्या तसा आठवतो.

"हट्ट? मी को-पायलट असताना माझ्या डावीकडे असे कितीतरी पंजे वर झालेत. मी बोलत राहिले म्हणून निभावलं. एकदा बोलले नसते तर आज तुम्ही माझ्या फोटोला हार घालून बसला असतात. उद्या चार दिले, की तिथली नवी पोरं काय शिकणार? विमान अलगद टेकलं, की बाकी सगळं माफ! नाही बदलणार मी आकडा. खुर्ची गेली तर गेली."

दादाने उठून सगळी भांडी घासली. हे आमच्याकडे वर्षानुवर्षांत एकदा घडतं.

दुसऱ्या दिवशी चर्चा सुरू झाली. साहेब समोर उभे, बाकीचे हाताची घडी घालून बसलेले. कॅप्टनचं नाव कुणी घेत नव्हतं. सगळे 'हा कॅप्टन' म्हणत होते आणि हा कॅप्टन समोर उभा राहून ऐकत होता. असा तमाशा फक्त याच धंद्यात बघायला मिळतो. एकेक जण सांगत होता, हाताची सफाई बघा, वाऱ्यात विमान कसं धरलंय बघा. विचारलं होतं संवादाबद्दल, आणि बोलत होते सगळे हाताबद्दल! मी मागे बसून नुसता चडफडत होतो.

वहिनींची पाळी आली. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तेच परत लावा. चित्र बंद ठेवा. फक्त आवाज."

मी साहेबांकडे पाहिलंच नाही. पडदा काळा केला आणि आवाज वाढवला.

तुम्हाला सांगतो, तेच सत्र मी कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण ऐकलं पहिल्यांदा. इंजिनाची घरघर. "सर, वेग जास्त आहे." मग काही नाही. "सर, अजून जास्तच आहे. परत वर जाऊ या का?" आवाज आधीपेक्षा बारीक. परत काही नाही. "सर..." त्यानंतर फक्त घरघर, आणि ती संपता संपेना. शेवटी चाकं टेकल्याचा हलकासा आवाज. लोणी काळोखात दिसत नव्हतं. एक माणूस बोलता बोलता विझून गेला, तेवढंच ऐकू आलं.

"कॅप्टनचं उत्तर कुणी ऐकलं?" वहिनींनी विचारलं.

कुणीच ऐकलं नव्हतं. वहिनी पुढे म्हणाल्या, "तीन वेळा विचारणा, उत्तर शून्य. त्यानंतर को-पायलट बोलायचाच बंद झाला. पुढच्या वेळी खरंच काही बिघडलं तर हा माणूस..."

आणि लोणीसाहेबांनी पंजा वर केला.

ठरवून नसेल केला. आमच्या दादाचा होतो तसा तो आपोआप वर गेला असणार. पण भरल्या खोलीत, काळ्या पडद्यासमोर तो पंजा वर उभा राहिला आणि सगळ्यांची नजर त्याच्यावर खिळली. वहिनी थांबल्या.

तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सर, वेग जास्त आहे."

आम्ही सगळे मागे वळलो. मागे बसला होता नव्याने शिक्षक झालेला एक टक्कल पडलेला, पोक्त माणूस. बैठकीत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता म्हणून त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. तो कधीपासून गप्प आहे हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलासुद्धा. चित्रीकरणातल्या पाठमोऱ्या को-पायलटला तेव्हा भरपूर केस होते.

मौनीबाबा उभा राहिला. "मी काल चार दिले होते. आता एक देतो."

मी टाळी वाजवायच्या बेतात होतो, पण वहिनी त्याच्यावरच कडाडल्या. "नुसता एक नको. काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगा."

"मी तीनदा बोललो. उत्तर मिळालं नाही. परत वर जा म्हणून ठासून सांगायचं होतं, नाही सांगितलं. त्या दिवसानंतर कुठेच सांगितलं नाही. काल माझ्याच तोंडावर धरलेल्या पंजाला मी चार गुण दिले."

साहेबांचा पंजा कधी खाली आला ते मला कळलं नाही.

दुसऱ्या फेरीचे गुण मीच पडद्यावर आणले. एक, दोन, एक, एक, दोन, एक. आणि एकच काटा लांब राहिलेला. चार. लोणीसाहेब इरेला पेटले होते, त्यांनी स्वतःचा आकडा हलवला नव्हता. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि स्वतःच केलेला नियम त्यांच्या ध्यानात आला असावा. त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी वहिनींचा कागद ओढला, दात-ओठ खात सही केली आणि विचारलं, "मला नव्याने कोण शिकवणार?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "आणि उजवीकडे हे बसतील."

पुढच्या आठवड्यात डबा हलू लागला. मी बाहेर हेडफोन लावून बसलो होतो. वहिनींनी तेच इंजिन बंद पाडलं, तोच वारा सोडला. मौनीबाबाचा आवाज आला, मोठा आणि स्पष्ट, "सर, वेग जास्त आहे." मग घरघर. मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. घरघर चालूच.

"सर, परत वर चला!"

"ऐकलं," लोणीसाहेब म्हणाले. "परत वर जातोय."

वहिनी बाहेर आल्या तेव्हा मी अगदी गहिवरलो होतो. म्हटलं, "वहिनी, आज तरी संवादाला तीन दिले असतील."

"दोन," वहिनी म्हणाल्या. "उत्तर आलं, भाऊजी. पण दुसऱ्यांदा ओरडल्यावर आलं."