जपानी गाड्यांचा गेम इंग्रजीत आला तेव्हा
परवा ऑफिसातला एक जुना सीपीयू तापला आणि त्या धुळीच्या वासानं मला मुंबईत चारकोपला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या मित्राचं घर आठवलं. तेव्हा आम्ही शाळेत होतो; अख्ख्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर फक्त त्याच्याकडे, आणि त्यावर एक जुना जपानी गेम होता: छोट्या खेळण्यातल्या गाड्या जोडायच्या, मोटर आणि चाकं बदलायची, शर्यतीत सोडायच्या. सगळं जपानीत. मित्र इंग्लिश मीडियमचा, मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतला, पण जपानीपुढे दोघंही सारखेच अडाणी. मी मात्र चुकत चुकत कुठली मोटर वळणावर गाडी उडवते ते अक्षरांच्या आकारावरून पाठ केलं होतं, म्हणून तिथे जमणारी बिल्डिंगमधली पोरं रेसच्या आधी मलाच विचारायची. मग एका रविवारी मित्रानं नेटवरून कुणा हौशी लोकांनी केलेलं त्या गेमचं इंग्रजी भाषांतर उतरवलं. मी पहिल्या ओळीत अडकलेलो, तोवर मित्र तिसरी वाचून हसत होता. "सरक ना यार, याला बसू दे, हा वाचून सांगेल," एक जण मला म्हणाला, आणि मी खुर्ची सोडली. मित्राची आई आतून म्हणाली, "अरे, त्यालाही सांग काय लिहिलंय ते." ते जास्त लागलं. त्या दिवशी जिंकलेल्या गाडीला मोटर मी निवडलेलीच होती, टाळ्या मित्राला मिळाल्या. त्या रात्री मला त्याचा फार हेवा वाटला. पुढे मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो, तोही इंग्रजी घेऊन. आज तो गेम माझ्या लॅपटॉपवर आहे, आणि मी तो अजून जपानीतच खेळतो.