सरांची मोजपट्टी

इंग्रज देश सोडून गेले, ही बातमी आमच्या इंग्रजीच्या सरांनी कधीच मान्य केली नाही. अमळनेरच्या कॉलेजात ते एम.ए.ला उत्तर-वसाहतवाद शिकवत. नव्वदीच्या सुरुवातीला हा शब्द आमच्याकडे इतका नवा होता की कॅन्टीनवाला त्याला एखादा आजार समजे. सरांना साहेब सगळीकडे दिसायचा. चहा ही साहेबाने लावलेली सवय, हे ते दोन कप संपेपर्यंत समजावून सांगत. रेल्वे फाटकापाशी सायकल थांबली की मालगाडीकडे बोट दाखवून म्हणत, "या रुळांवरून आपला कापूस गेला, आणि येताना आपण कधी न पाहिलेल्या फुलांच्या कविता आल्या." फाटक उघडलं तरी व्याख्यान चालूच, मागे बैलगाड्या खोळंबलेल्या.

त्यांचं सांगणं सोपं होतं. साहेब जातो, पण मोजपट्टी ठेवून जातो. मग आपण आपली भाषा, आपल्या गोष्टी तिनेच मोजतो आणि स्वतःच कमी भरतो. पुस्तक वाचताना ती पट्टी कोणाच्या हातात आहे ते शोधा. या विषयाची ओळख करून देणारं मराठी पुस्तक ते लिहीत होते. नऊ प्रकरणं झाली होती, दहावं झालं की प्रकाशकाकडे जाणार होतं. घरात मुलीच्या लग्नापेक्षा त्याचीच काळजी जास्त.

मी पत्रकं वाचून वाढलेला. तत्त्व आणि वागणं यांत बोटभर फट दिसली की माझा हात पेनाकडे जाई. सरांमध्ये ती एका दुपारी दिसली. खेड्यातून येणारा माझा मित्र सुभाष वर्गात उठला आणि त्याने घरच्या खान्देशीत विचारलं, "सर, हाई बठ्ठं आमना गावले बी लागू शे का?" हे सगळं आपल्या गावालाही लागू आहे का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

सर सवयीने म्हणाले, "आधी शुद्ध बोल, मग विचार."

सुभाष बसला. पुढे वर्षभर त्याने काही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी पत्रक काढलं: 'गोरा साहेब गेला, वर्गातला कधी जाणार?' एसटी स्टँडवर वाटलं, एक सरांच्या सायकलच्या कॅरियरलाही अडकवलं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला. भांडायच्या तयारीने गेलो. सरांनी पत्रक पुढे ठेवलं.

"यात एक चूक आहे. तू लिहिलंस, मी हे एकदा केलं. मी चोवीस वर्षं करतोय."

मग त्यांनी नऊही प्रकरणं फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. सुभाषच्या प्रश्नाला उत्तर नसलेलं पुस्तक काय कामाचं, म्हणाले. मी जिंकलो होतो, फक्त पुढचं पत्रक कशावर काढावं ते काही केल्या सुचेना.

निवृत्तीनंतर सर जळगावला, मेहरूणमध्ये राहायला गेले. तिथे भेटलो तेव्हा ते भाजीवाल्या अक्कांकडून खान्देशी शिकत होते. सर स्वतः धुळ्याजवळच्या खेड्यातले. शाळेत छडी खाऊन ही बोली सुटलेली. त्यांचे उच्चार ऐकून अक्का वांगी तोलता तोलता हसत, आणि सर निमूट पुन्हा म्हणत.

पुस्तकाचं विचारलं तर त्यांनी नवी वही काढली. पहिल्या पानावर सुभाषचा प्रश्न, त्याच्या नावासकट. खाली एकच ओळ. सरांनी ती अडखळत वाचली, "लागू शे. पहिले माले." लागू आहे, आधी मलाच.

मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत हळूच विचारलं, "शुद्ध आहे का रे?"

ते सुभाषच सांगू शकणार होता. मी वही मागून घेतली, पिशवीत घातली आणि सुभाषच्या गावची एसटी धरली.