कडुनिंबाची काडी
जुन्या पुस्तकातून वाळलेल्या कडुनिंबाचा वास आला की मला वडिलांची रहस्यकथा ऐकायची रीत आठवते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी त्यांना वाचून दाखवायचे. शेवटचं प्रकरण आलं की ते पुस्तक मिटायला लावायचे, खूण म्हणून कडुनिंबाची काडी घालायचे आणि सकाळी चहा घेताना खुनी कोण ते सांगायचे. मगच पुढं वाचायचं. एका पुस्तकाचं असंच शेवटचं प्रकरण उरलं, त्या संध्याकाळी मी म्हटलं, "बाबा, आत्ताच सांगा की." ते हसले. "कळालंय मला. पर आता न्हाई, उद्या." सकाळी अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची वाचा गेली होती. विष्णुपुरीच्या दवाखान्यात महिनाभरानं एकच शब्द परत आला, 'हाव', म्हणजे हो. खाटेशेजारी बसून मी ते प्रकरण वाचलं. संशय माळ्यावरही होता, पण खुनी कंपाउंडर निघाला. "तुम्ही ह्यालाच धरलं होतं ना?" "हाव." मला केवढं बरं वाटलं. तरी राहवलं नाही म्हणून विचारलं, "का माळ्याला धरलं होतं?" त्यांनी माझ्याकडं बघत कितीतरी वेळ ओठ हलवले, आणि म्हणाले, "हाव." ते पुस्तक आज माझ्याकडं आहे, काडीसकट. बाबांनी कोणाला धरलं होतं, ते त्यात नाही.